‘निगेटिव्ह’ अहवालाचा अर्थ

(क्षयरोगाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांची तुलना या विषयावर सावेडी, अहिल्यानगर येथील कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



पुण्याजवळच्या थेऊर गावी, चिंतामणीच्या सान्निध्यात, 18 नोव्हेंबर 1772 रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी देह ठेवला. वय अवघे 27 वर्षांचे. पानिपताच्या आघातानंतर मराठी राज्याची विस्कटलेली घडी ज्यांनी पुन्हा बसवली, त्या कर्त्या पुरुषाला ऐन उमेदीत नेले ते राजयक्ष्म्याने, म्हणजेच आजच्या भाषेत क्षयरोगाने. त्यानंतर सुमारे 114 वर्षांनी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. अमेरिकेत जाऊन वैद्यकीय पदवी मिळवलेल्या या महाराष्ट्रकन्येला वयाची 22 वर्षेही पूर्ण करता आली नाहीत. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-कक्षाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. ती हाती घेण्याआधीच क्षयाने त्यांचा घास घेतला.

या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात एक मोठी घटना घडली होती. माधवरावांच्या वैद्यांना रोग ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात राजयक्ष्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे. ज्वर, खोकला, रक्त पडणे, शरीर वाळत जाणे ही लक्षणे आपल्या पूर्वाचार्यांनी बारकाईने नोंदवून ठेवली आहेत. परंतु रोगाचा जंतू कुणी पाहिलेला नव्हता. तो रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये जगापुढे मांडला. म्हणजे आनंदीबाई आजारी पडल्या तेव्हा जंतू ज्ञात होता, पण त्याला मारणारे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास 1943 साल उजाडावे लागले.

आज जंतूही ज्ञात आहे आणि औषधेही आहेत. शासकीय दवाखान्यांत ती विनामूल्य मिळतात. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. 2025 पर्यंत देशातून क्षयाचे उच्चाटन करण्याचा संकल्प होता. तो अपुरा राहिला. याची कारणे अनेक आहेत: कुपोषण, दाटीवाटीची वस्ती, अर्धवट सोडलेले उपचार. त्यांतील एक कारण मात्र फारसे बोलले जात नाही. ते म्हणजे उशिरा झालेले किंवा चुकलेले निदान. आणि निदान चुकण्यामागे अनेकदा चाचणीचा दोष नसतो. चाचणीच्या कागदाचा अर्थ चुकीचा लावला जातो, हा दोष असतो.

एका घराचे उदाहरण

सावेडीतीलच एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. पाइपलाइन रस्त्यालगत राहणारे, सेवानिवृत्तीला आलेले एक गृहस्थ. गेली दहा वर्षे मधुमेह. तीन आठवड्यांपासून खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरलेले. औषधाच्या दुकानातून दोनदा गोळ्या आणून झाल्या. अखेर मुलाने त्यांना रुग्णालयात दाखल केले. डॉक्टरांनी थुंकी तपासली. अहवाल आला ‘निगेटिव्ह’. घरात आनंद झाला, देवापुढे साखर ठेवली गेली. परंतु डॉक्टर म्हणाले, “एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो. आणखी एक चाचणी करू.”

मुलगा विचारात पडला. निगेटिव्ह आले असताना पुन्हा चाचणी कशासाठी? पैसे उकळण्याचा तर हा प्रकार नव्हे? तेवढ्यात एक नातेवाईक सांगतात, “थुंकीचे काय धरून बसलात, रक्ताची तपासणी करा, लगेच कळेल.” दुसरे म्हणतात, “हातावर सुई टोचून बघतात ती करा.” सल्ले चार, चाचण्या पाच आणि बिछान्यावर एक माणूस. अशा वेळी त्या मुलाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आधी हे समजून घेतले पाहिजे की प्रत्येक चाचणी नेमका कोणता प्रश्न विचारते आणि ती कोठे चुकू शकते.

चाचणीचे दोन गुण

शेतावर राखणीला ठेवलेल्या कुत्र्याकडून शेतकरी दोन अपेक्षा ठेवतो. चोर आला तर त्याने भुंकले पाहिजे आणि घरचा माणूस आला तर गप्प बसले पाहिजे. चोर आला असताना झोपून राहणारा कुत्रा निरुपयोगी. पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणारा कुत्राही तितकाच निरुपयोगी, कारण काही दिवसांनी त्याच्या भुंकण्याकडे कुणी लक्ष देत नाही.

वैद्यकीय चाचणीचेही तसेच आहे. ज्यांना खरोखर रोग आहे अशा 100 जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते, या गुणाला संवेदनशीलता म्हणतात. ज्यांना रोग नाही अशा 100 जणांपैकी किती जणांना ती ‘रोग नाही’ असे बरोबर सांगते, या गुणाला विशिष्टता म्हणतात. दोन्ही गुण एकाच चाचणीत शंभर टक्के असणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट. म्हणून ‘ही चाचणी चांगली का?’ असा मोघम प्रश्न विचारून भागत नाही. रोगी सुटून जाण्याची शक्यता किती आणि निरोगी माणूस नाहक अडकण्याची शक्यता किती, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

सूक्ष्मदर्शक, संवर्धन आणि क्ष-किरण

क्षयाच्या निदानातील सर्वांत जुनी व सर्वत्र उपलब्ध चाचणी म्हणजे थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी. काचपट्टीवर थुंकीचा थर द्यायचा, विशिष्ट रंगद्रव्याने तो रंगवायचा आणि जंतू शोधायचे. ही पद्धत 1882-83 मध्ये झील आणि नीलसन यांच्या हातून आकाराला आली आणि आजही चालू आहे. ती स्वस्त आहे, अहवाल एका दिवसात मिळतो आणि तिच्यात जंतू दिसले तर आपल्यासारख्या देशात ते बहुधा क्षयाचेच असतात. इतरांना लागण करण्याचा धोका ज्यांच्यापासून सर्वाधिक, ते रुग्ण तिच्यात सापडतात.

तिची उणीव मात्र मोठी आहे. एक मिलिलिटर थुंकीत सुमारे 10 हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकाखाली सहसा दिसत नाहीत. रोग कोवळा असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा एचआयव्हीची बाधा असेल तर थुंकीत इतके जंतू नसतात. रोजच्या व्यवहारात ही तपासणी फुफ्फुसाच्या क्षयाचे साधारण निम्मे रुग्ण पकडते, असे मानले जाते. म्हणजे ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा येथे अर्थ एवढाच की त्या काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत. ‘क्षय नाही’ असे तो कागद म्हणतच नाही.

दुसरी चाचणी संवर्धनाची. प्रयोगशाळेत तिला कल्चर म्हणतात. थुंकीतील जंतूंना पोषक माध्यमात वाढू द्यायचे आणि मग ओळखायचे. मिलिलिटरमध्ये 10 ते 100 जिवंत जंतू असले तरी ती त्यांना शोधून काढते. म्हणूनच इतर सर्व चाचण्यांची परीक्षा संवर्धनाच्या कसोटीवर घेतली जाते. सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहतात, तसेच हे. परंतु क्षयाचा जंतू अतिशय संथ वाढतो. घन माध्यमावर 6 ते 8 आठवडे लागतात. द्रव माध्यमात काही नमुन्यांत दोन आठवड्यांत वाढ दिसते, तरी ‘नाही’ असा निर्वाळा देण्यासाठी 6 आठवडे थांबावे लागते.

सहा आठवड्यांचा अर्थ या जिल्ह्याला वेगळा सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी घर सोडतात. नोव्हेंबरात थुंकी दिलेला मजूर अहवाल येईपर्यंत कोणत्या कारखान्याच्या फडावर असेल, हे त्याच्या गावालाही सांगता येत नाही. सर्वांत अचूक चाचणी, पण उत्तर येईतो रोगी हातातून निसटलेला. अचूकतेइतकाच वेळेलाही अर्थ असतो तो असा.

तिसरी तपासणी छातीच्या एक्स-रेची. एक्स-रेमध्ये जंतू दिसत नाही, फुफ्फुसातील डाग दिसतो. तो डाग न्यूमोनियाचा असू शकतो, गाठीचा असू शकतो किंवा पूर्वी होऊन बऱ्या झालेल्या क्षयाचा वणही असू शकतो. म्हणून केवळ एक्स-रेवरून क्षयाचा शिक्का मारणे योग्य नाही. पण संशयितांना निवडून काढण्यात त्याचा हात धरणारे साधन नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात असे आढळले की एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के सुटून गेले असते. त्यांना खोकला, ताप अशी ठळक लक्षणेच नव्हती. आणि ज्यांना लक्षणे होती, त्यांच्यापैकी सुमारे 64 टक्के लोक कोणत्याही दवाखान्यात गेलेलेच नव्हते. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षाही अधिक अंतर्मुख करणारा आहे.

मुंबईत झालेली तुलना

चाचण्यांची तुलना प्रत्यक्षात कशी होते, याचे एक उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जंतूची जनुकीय खूण थेट थुंकीत शोधणारी ‘एक्स्पर्ट’ नावाची चाचणी नव्याने तयार झाली, तेव्हा ती जुन्या चाचण्यांच्या शेजारी ठेवून पाहण्यासाठी जगातील पाच शहरे निवडली गेली: लिमा, बाकू, केप टाऊन, दरबान आणि मुंबई. मुंबईतील केंद्र होते पी. डी. हिंदुजा रुग्णालय. क्षयाचा संशय असलेल्या 1,730 रुग्णांना या अभ्यासात घेण्यात आले आणि 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या शासकीय यंत्रणेत पुढे हीच चाचणी ‘सीबीनॅट’ या नावाने परिचित झाली.

आकडे नीट ऐकण्यासारखे आहेत. संवर्धनात क्षय सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी 561 जणांच्या थुंकीत सूक्ष्मदर्शकाखालीही जंतू दिसले होते. त्यांतील 551 जण नव्या चाचणीने एकाच नमुन्यात ओळखले. पण खरी परीक्षा पुढे होती. 171 रुग्ण असे होते की ज्यांचा सूक्ष्मदर्शकाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ होता आणि तरीही संवर्धनात क्षय निघाला. जुन्या पद्धतीने हे सारे 171 जण ‘काही नाही’ म्हणून घरी गेले असते. नव्या चाचणीने त्यांपैकी 124 जणांना एकाच नमुन्यात पकडले. तीन नमुने तपासल्यावर हे प्रमाण 90 टक्क्यांवर गेले. दुसऱ्या बाजूला, ज्यांना क्षय नव्हता अशा 609 जणांपैकी 604 जणांना तिने बरोबर ‘नाही’ असे सांगितले. केवळ 5 जणांबाबत ती चुकली.

या आकड्यांतून दोन बोध मिळतात. पहिला असा की ‘निगेटिव्ह’ काचपट्टीमागे दडलेला रोगी ही कल्पना नाही. त्या अभ्यासात अशी 171 हाडामांसाची माणसे होती. दुसरा असा की या उत्तम चाचणीनेही एका नमुन्यात त्यांतील 47 जणांना सोडून दिले. यंत्र परदेशी असो वा स्वदेशी, महाग असो वा स्वस्त, त्याची मर्यादा ओळखूनच त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

या चाचणीचा आणखी एक लाभ झाला. क्षयावरील प्रमुख औषध रिफाम्पिसिन. त्याला जंतू दाद देतो की नाही, हे ती सुमारे दोन तासांत सांगते. याच अभ्यासात औषधाला दाद न देणाऱ्या 205 रुग्णांपैकी 200 तिने ओळखले. या माहितीचे मोल मुंबईने लवकरच अनुभवले. 2011 च्या डिसेंबरात हिंदुजा रुग्णालयातीलच डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणारा क्षय झालेल्या 4 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि देश हादरला. ‘पूर्णतः औषधरोधी’ या शब्दाला शासनाने आक्षेप घेतला. परंतु कोणते औषध चालते हे न तपासता औषधे देत राहणे किती घातक आहे, याविषयी मग कुणाच्या मनात शंका उरली नाही.

रक्ततपासणीचा बाजार

आता त्या नातेवाइकांच्या सल्ल्याकडे वळू. “रक्त तपासा, लगेच कळेल.” हा सल्ला एके काळी साऱ्या देशात दिला जात होता. रक्तातील प्रतिपिंडे शोधून क्षयाचे निदान करणारे संच बाजारात होते आणि भारतात दर वर्षी अशा सुमारे 15 लाख चाचण्या होत असल्याचा अंदाज होता. थुंकीचा किळसवाणा वाटणारा प्रकार नाही, रक्त दिले की झाले. रुग्णाला सोयीचे, प्रयोगशाळेला फायद्याचे. प्रश्न एवढाच होता की ही चाचणी खरे बोलते का?

जागतिक आरोग्य संघटनेने 94 अभ्यास तपासले. निष्पन्न असे झाले की या चाचण्यांच्या उत्तरांत कसलीही खात्री नाही. रोगी सुटतात आणि निरोगी अडकतात. जुलै 2011 मध्ये संघटनेने त्या वापरू नयेत, असे स्पष्ट बजावले. याहून संतापजनक गोष्ट अशी की यांतील बरेचसे संच युरोप-अमेरिकेत तयार होत होते आणि तेथील नियामकांची मान्यता त्यांना नव्हती. जे आपल्या घरच्या रोग्याला चालत नाही, ते दुसऱ्या देशातील रोग्याला विकायचे, असा हा व्यवहार होता. जून 2012 मध्ये भारत सरकारने अधिसूचना काढून या संचांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली. या प्रकरणात दोष केवळ विकणाऱ्यांचा नव्हता. लिहून देणारे, करून देणारे आणि ‘लवकर काहीतरी कळू दे’ म्हणून मागणी करणारे आपल्याच समाजातले होते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

निरोगी माणूस अडकला तर काय बिघडते, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे: यकृतावर ताण आणणारी औषधे किमान सहा महिने विनाकारण घ्यावी लागतात, मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते आणि खरा रोग तसाच पोसला जातो. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्यावर इंग्लंडमध्ये क्षयरोगी म्हणून उपचार झाले. 1920 मध्ये वयाच्या 32 व्या वर्षी ते गेले. त्यांच्या आजाराच्या नोंदी पुन्हा अभ्यासून डी. ए. बी. यंग या ब्रिटिश डॉक्टरांनी 1994 मध्ये असे मत मांडले की त्यांना क्षय नसून यकृताचा अमिबाजन्य विकार असावा. आणि त्यावर त्या काळीही उपचार होते. हे मत ग्राह्य धरले तर एका चुकीच्या शिक्क्याने राष्ट्राचे केवढे धन हरपले!

चाचणी तीच, उत्तराचे वजन वेगळे

येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, एक चाचणी आहे. ती 100 रोग्यांपैकी 90 जणांना ओळखते आणि 100 निरोग्यांपैकी 90 जणांना बरोबर ‘नाही’ म्हणते. ऐकायला उत्तम. आता एखाद्या वसाहतीतील 1,000 धडधाकट लोकांची सरसकट तपासणी केली आणि त्यांत प्रत्यक्ष रोगी 10 आहेत असे धरले. चाचणी 9 रोगी पकडेल. पण उरलेल्या 990 निरोग्यांपैकी 99 जणांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणेल. एकूण 108 पॉझिटिव्ह, त्यांत खरे रोगी फक्त 9.

हीच चाचणी रुग्णालयातील छातीविकार कक्षात, लक्षणे असलेल्या 1,000 रुग्णांवर केली आणि त्यांत 300 रोगी आहेत असे धरले, तर 270 खरे रोगी सापडतील आणि 70 निरोगी अडकतील. म्हणजे 340 पॉझिटिव्ह अहवालांपैकी 270 खरे. चाचणी बदलली नाही, माणसे बदलली. म्हणूनच जाणता डॉक्टर आधी रुग्णाकडे पाहतो, त्याला प्रश्न विचारतो, छातीला नळी लावतो आणि मगच चाचणी सांगतो. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही आयुर्वेदाने सांगितलेली त्रिविध परीक्षा यंत्रयुगातही कालबाह्य झालेली नाही, ती याच कारणाने.

हातावर टोचून केल्या जाणाऱ्या मॅन्टू चाचणीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती रोग दाखवत नाही; शरीराची क्षयजंतूशी कधीतरी ओळख झाली आहे, एवढेच दाखवते. भारतात कोट्यवधी धडधाकट माणसांच्या शरीरात हा जंतू निद्रिस्त असतो आणि बीसीजीची लस टोचलेल्यांतही ही चाचणी सकारात्मक येऊ शकते. मग प्रौढ रुग्णाच्या खोकल्याचे कारण तिच्यावरून कसे ठरणार?

याच विवेकाचा धडा कोविडच्या काळात घरोघरी गिरवला गेला. एप्रिल 2020 मध्ये चीनमधून आणलेल्या दोन कंपन्यांच्या झटपट प्रतिपिंड संचांचे निकाल बेभरवशाचे निघाले आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने राज्यांना त्यांचा वापर थांबवण्यास सांगितले. पुढे जूनमध्ये अँटिजेन चाचणीला परवानगी देतानाच परिषदेने तिची उणीव उघड केली: संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के, विशिष्टता 99.3 ते 100 टक्के. म्हणून नियम असा झाला की पॉझिटिव्ह आली तर ते खरे मानावे. लक्षणे असताना निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावी. हा नियम सावेडीतील आजीबाईंनाही तोंडपाठ झाला होता. तोच नियम थुंकीच्या तपासणीला लावायला मात्र आपण विसरतो.

गोव्यातील चिप

मुंबईच्या अभ्यासातील यंत्र प्रभावी होते. पण त्याला अखंड वीज हवी, थंड खोली हवी. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांतून अहिल्यानगर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे यंत्र चालावे कसे? या अडचणीला भारतीय तंत्रज्ञांनी उत्तर दिले. गोव्यातील मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीने ‘ट्रूनॅट’ ही चाचणी आणली. बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र, त्यात बसणारी चिप आणि साधारण तासाभरात उत्तर. क्षय आढळला तर दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिनची तपासणी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तिची पारख केली आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. ज्या देशाच्या माथी एके काळी निरुपयोगी रक्तसंच मारले गेले, त्याच देशाने जगाला उपयोगी पडेल अशी चाचणी दिली. ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण हा अभिमान सार्थ ठरायचा तर ती चिप दूरच्या केंद्रात वेळेवर पोहोचली पाहिजे आणि तेथे थुंकीचा योग्य नमुना आला पाहिजे.

घराचे कर्तव्य

नमुन्याचे काम घराचे आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी डबीत थुंकीऐवजी लाळ आली तर ते काय शोधणार? सकाळी उठल्यावर पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत जाऊन दीर्घ श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून आलेला बेडकाच डबीत द्यावा. दोन नमुने सांगितले असतील तर दोन्ही द्यावेत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप, घटते वजन यांपैकी काही असेल तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. काही प्रतिजैविके क्षयाला तात्पुरते दडपतात आणि निदान लांबते. मधुमेह असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण मधुमेहींना क्षयाचा धोका दोन ते तीन पट असतो. जुने एक्स-रे जपून ठेवावेत. नवा डाग आणि जुना वण यांतला फरक त्यावरूनच कळतो. गाठीचा, मणक्याचा, मेंदूच्या आवरणाचा क्षय थुंकीत सापडत नाही. तेथे त्या जागेचाच नमुना घ्यावा लागतो, हेही ध्यानात असावे.

आणि अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. ही चाचणी नेमके काय शोधते? ती निगेटिव्ह आली तरी रोग असण्याची शक्यता किती उरते? उरत असेल तर पुढची पायरी कोणती? असे विचारण्यात अविश्वास नाही. चांगल्या डॉक्टरांना असे नातेवाईक हवेच असतात.

कार्यकर्त्यांचे काम याहून थोडे अधिक आहे. वस्तीतील खोकणाऱ्या माणसाला केंद्रापर्यंत सोबत करणे, त्याच्या घरातील मुलांची तपासणी करून घेणे, नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये झालेले निक्षय पोषण योजनेचे साहाय्य त्याच्या खात्यात जमा होते की नाही हे पाहणे, ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णाचा पत्ता आणि औषधे यांची सांगड घालून देणे, आणि रोग कळल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या शेजाऱ्यांना समजावणे. या कामाला ना मोठे भांडवल लागते ना वैद्यकीय पदवी.

पुन्हा त्या घराकडे जाऊ. मुलाने डॉक्टरांचे ऐकले असे समजू. दुसऱ्या दिवशी पहाटेचा नमुना जनुकीय चाचणीला गेला. क्षय निघाला; रिफाम्पिसिन चालणारे आहे, हेही कळले. औषधे सुरू झाली, मधुमेह आटोक्यात आणला, घरातल्या नातवाची तपासणी झाली. सहा महिन्यांनी ते गृहस्थ पूर्ववत सकाळी फिरायला जाऊ लागले. आता याच्या उलट समजू. ‘निगेटिव्ह’ वाचून ते घरी आले, नातू त्यांच्याच खोलीत झोपत राहिला आणि खरे उत्तर कळले तेव्हा घरात रुग्ण दोन झाले होते. दोन्ही शेवटांमध्ये अंतर आहे ते एका पहाटेच्या नमुन्याचे आणि विचारलेल्या एका प्रश्नाचे.

थेऊरच्या वैद्यांजवळ असा प्रश्न विचारण्याचे साधन नव्हते. आनंदीबाईंजवळ प्रश्नाचे ज्ञान होते, पण उत्तरावरचे औषध नव्हते. आज दोन्ही आपल्या हाताशी असताना केवळ एक कागद अर्धवट वाचल्यामुळे कुणाच्या घरचा माधव किंवा कुणाची आनंदी अकाली जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबाने घ्यावी.